सिलिंडरचा काटा रात्रीत का उतरतो? आर्गॉन आणि हेलियमचा दाब, तापमान, आकारमान यांचा हिशोब

संध्याकाळी काम संपवताना आर्गॉनच्या सिलिंडरवर १४० बार (बार हे दाबाचं एकक) दिसत होते. सकाळी शेड उघडली, व्हॉल्व्ह फिरवला, तर काटा १२७ वर. रात्रभर कुणी हात लावलेला नाही, वेल्डिंगचा टॉर्च बंद होता. नवा माणूस आधी गळती शोधतो आणि मग गॅसवाल्याला फोन लावतो. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी ३५° से. आणि पहाटे १२° से. तापमान असेल, तर तेवढाच गॅस एवढाच दाब दाखवतो. खरंच गळती आहे की नुसता गारवा, हे कागदावर दोन मिनिटांत ठरवता येतं. ते कसं करायचं आणि हाच हिशोब फुग्यांना, सिरिंजमधल्या प्रयोगाला आणि फ्लोमीटरला (गॅसचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाला) कसा लावायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी दोन आकडे बदलून घ्या

वायूंच्या गणितात होणाऱ्या दहातल्या नऊ चुका सूत्राच्या नसतात. थर्मामीटर आणि गेज (दाब दाखवणारं काट्याचं उपकरण) जे दाखवतात तेच आकडे सूत्रात टाकल्यामुळे त्या होतात.

तापमान केल्विनमध्ये घ्या: सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा. १०° से. वरून २०° से. वर गेल्यावर तापमान "दुप्पट" झालं असं वाटतं. वायूच्या दृष्टीने ते २८३ वरून २९३ झालेलं असतं, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के वाढ.

दाब निरपेक्ष घ्या. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो, म्हणून त्यात हवेचा दाब मिळवायचा. मुंबईत तो सुमारे १.०१ बार, पुण्यात सुमारे ०.९५ बार, महाबळेश्वरला सुमारे ०.८६ बार असतो. गेज शून्यावर आलं तरी ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये ४७ लिटर गॅस असतोच. तो बाहेर येत नाही एवढंच. गेजवर १ चे २ बार झाले की आकारमान निम्मं होईल असं समजणं हीसुद्धा नेहमीची चूक. खरा दाब २ चा ३ झालेला असतो, त्यामुळे आकारमान दोन तृतीयांश होतं.

जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतं (१ म्हणजे ०.९८ बार), काहींवर पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच (१ बार म्हणजे १४.५). एका हिशोबात एकच एकक शेवटपर्यंत ठेवा.

मग एकच सूत्र

बॉईलने १६६२ मध्ये दाखवलं की तापमान तेच ठेवलं तर दाब वाढवला तेवढ्या पटीत आकारमान घटतं. दाब तोच ठेवला तर केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात आकारमान वाढतं, हा चार्ल्सचा नियम. दोन्ही एकत्र केले की:

(आधीचा दाब × आधीचं आकारमान) ÷ आधीचं तापमान = (नंतरचा दाब × नंतरचं आकारमान) ÷ नंतरचं तापमान

यात वायूचं नाव कुठेच येत नाही. हेलियमचा मोल (अणूंची एक ठरावीक मोठी संख्या) ४ ग्रॅमचा, आर्गॉनचा जवळजवळ ४० ग्रॅमचा; तरीही ०° से. आणि १ बारला दोघांचाही एक मोल सुमारे २२.७ लिटर जागा व्यापतो. आकारमान ठरतं ते अणू किती आहेत यावरून. ते किती जड आहेत याचा इथे संबंध नाही. राजवायू (हेलियम, आर्गॉनसारखे निष्क्रिय वायू) हा नियम विशेष नीट पाळतात, कारण त्यांचे अणू सुटे असतात आणि एकमेकांशी जवळजवळ काही देणंघेणं ठेवत नाहीत. "जवळजवळ" हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पैशांच्या हिशोबात येणार आहे.

आता शेडमधला काटा तपासू. सिलिंडर पोलादी, त्याचं आकारमान बदलत नाही, म्हणून ते सूत्रातून उडतं. आधी: १४० + १ = १४१ बार, ३५° म्हणजे ३०८ केल्विन. नंतर: १२° म्हणजे २८५ केल्विन. १४१ × २८५ ÷ ३०८ = १३०.५, गेजवर १२९.५. एवढ्या दाबाला आर्गॉन सूत्रापेक्षा दोन-तीन बार जास्तच उतरतो. म्हणजे १२७ हा निरोगी सिलिंडर आहे.

सिलिंडरवरचे १५० बार कोणत्या तापमानाचे?

हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. भारतात गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे आर्गॉन-हेलियमसारख्या कायम वायुरूप राहणाऱ्या गॅसचा कामाचा दाब १५° से. ला धरतात. हे नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि फरक पाहायला नागपूरचा मे महिनाच घेऊ. १५° ला १५० बार भरलेला सिलिंडर ४५° ला साध्या सूत्राप्रमाणे १६६ बार दाखवेल. आर्गॉनचा खरा आकडा १७० च्या आसपास जाईल. यात गॅस कणभरही वाढलेला नाही. उलट अशा उन्हात गेज बरोबर १५० दाखवत असेल, तर सिलिंडर थोडा कमी भरलेला आहे.

म्हणून नवीन सिलिंडर आला की टेम्पोतून उतरवल्या-उतरवल्या आकडा लिहू नका. ५०-६० किलो पोलाद आहे ते, निवायला वेळ घेतं. सावलीत तीन-चार तास उभा ठेवा, साखळी लावा, मग दाब आणि शेजारचं तापमान दोन्ही वहीत लिहा. तापमानाशिवाय लिहिलेला दाब पुढे तुलनेला उपयोगी पडत नाही.

उरलेला गॅस किती वेळ पुरेल?

समजा ४७ लिटरचा सिलिंडर आहे आणि गेज ९० बार दाखवतं. पूर्ण रिकामा करायचा नाही. ५ बार ठेवायचे, नाहीतर उघड्या व्हॉल्व्हमधून हवा आणि ओल आत जाते आणि पुढच्या भरणीचा गॅस खराब होतो. राहिले ८५. ८५ × ४७ म्हणजे सुमारे ४,००० लिटर, बाहेरच्या हवेच्या दाबाला मोजलेला. टिग वेल्डिंगला (आर्गॉनच्या कवचात केलेल्या वेल्डिंगला) मिनिटाला ८ लिटर लावत असाल तर ५०० मिनिटं, म्हणजे सव्वाआठ तास आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) चालू. त्यातून आर्कच्या आधी आणि नंतर सुटणारा गॅस वजा करा. छोटे-छोटे टाके बरेच असतील तर ही वजावट मोठी होते.

इथे तापमान घेतलंच नाही, कारण सिलिंडर आणि बाहेरची हवा एकाच तापमानाला आहेत आणि ते दोन्ही बाजूंनी उडतं. नवशिके इथे उगाच २७३ गुंतवून बसतात.

जास्त दाबाला सूत्र कुठे चुकतं

४७ लिटर, १५० बार: साध्या सूत्राने सुमारे ७ घनमीटर. बाजारात "सात क्युबिकचा सिलिंडर" म्हणतात तो हाच. पण दीडशे बारला अणू दाटीवाटीने असतात आणि तेव्हा त्यांचा स्वभाव दिसू लागतो. आर्गॉनचे अणू एकमेकांना थोडे ओढतात, म्हणून तेवढ्याच दाबात सुमारे ६ टक्के जास्त गॅस मावतो. हेलियमच्या अणूंमध्ये ओढ जवळजवळ नसते, पण प्रत्येक अणू स्वतःची जागा अडवतोच. म्हणून हेलियम सुमारे ७ टक्के कमी मावतो. सिलिंडर तोच, गेजवरचा आकडाही तोच, आणि आतल्या गॅसमध्ये जवळजवळ एक घनमीटरचा फरक.

फुगेवाल्याला हे थेट भोवतं. ११ इंची लॅटेक्स (रबरी) फुग्यात सुमारे १४ लिटर गॅस जातो. साध्या सूत्राने वरच्या सिलिंडरमधून ४९८ फुगे निघायला हवेत. हेलियमची खरी वजावट केली की ४६५ उरतात, आणि भरताना नोझलवर सुटणारा गॅस धरला तर त्याहून कमी. पाचशे फुग्यांची ऑर्डर एका सिलिंडरवर घेऊ नका.

पन्नास बारच्या खाली हा फरक दोन-अडीच टक्क्यांवर येतो आणि एक-दोन बारच्या कामात तो पूर्ण विसरला तरी चालतो.

स्वतः मोजून बघायचं असेल तर

सामान साधं आहे: ६० मिलिलिटरची सिरिंज (सुई नको), मेडिकलमध्ये मिळणारा थ्री-वे स्टॉपकॉक (तीन तोंडांची छोटी तोटी), थोडं सिलिकॉन तेल, स्टँड-क्लॅम्प, एकेक किलोची तीन वजनं, फूटपट्टी, थर्मामीटर, बर्फ, गरम पाणी.

सिरिंज रेग्युलेटरला (सिलिंडरचा दाब कमी करून देणाऱ्या भागाला) थेट जोडू नका. दट्ट्या गोळीसारखा सुटतो. टॉर्चमधून मिनिटाला ३-४ लिटरने एक साधा फुगा भरून घ्या आणि फुग्यातून सिरिंजमध्ये ओढा. पहिला भरलेला गॅस सोडून द्या, परत भरा, परत सोडा, तिसऱ्यांदा भरलेला वापरा. नळीत दोन मिलिलिटर हवा उरली तर पहिल्या भरणीत ती तीन टक्के असते, दुसऱ्या भरणीत साधारण एक दशांश टक्का, पुढे नगण्य. तशी हवेनेही सूत्र तेच सिद्ध होतं. पण ओलसर सिरिंजमधली हवा गरम केली की पाण्याची वाफ भर घालते आणि आकडे फुगतात. सिलिंडरचा आर्गॉन कोरडा असतो.

स्टॉपकॉक सिरिंजच्या तोंडालाच बसवा. मध्ये ४ मिलिमीटर पोकळीची १० सेंटीमीटर नळी ठेवली तर सव्वा मिलिलिटर गॅस तिथे बसतो आणि मोजण्यात येत नाही.

आता दट्ट्याचं क्षेत्रफळ. व्यास मोजायची गरज नाही. ० ते ६० खुणांमधलं अंतर फूटपट्टीने घ्या. समजा १० सेंटीमीटर आलं. ६० घनसेंटीमीटर भागिले १० म्हणजे ६ चौरस सेंटीमीटर. त्यावर एक किलो ठेवला की दाब ०.१६३ बारने वाढतो.

सिरिंज सरळ उभी पकडा, तोंड खाली, स्टॉपकॉक बंद, ५० मिलिलिटरवर सुरुवात. पुण्यात, म्हणजे ०.९५ बारपासून, एका किलोला ४२.७, दोनला ३७.२, तीनला ३३.० मिलिलिटर यायला हवेत. वजन ठेवताच वाचू नका; दाबल्यावर गॅस क्षणभर तापतो. मिनिटभर थांबा. मग खरा शत्रू येतो: रबरी दट्ट्याचं घर्षण. तो योग्य जागेच्या अलीकडेच अडकतो. त्याला जरा पिळा, हलकेच खाली दाबून सोडा, वाचा. हलकेच वर ओढून सोडा, परत वाचा. दोन्ही आकड्यांत दोन-तीन मिलिलिटरचं अंतर सहज पडतं. सरासरी घ्या. दट्ट्याचं आणि वजन ठेवायच्या पाटीचं वजनही विसरू नका, किंवा ५० ची खूण पाटी ठेवल्यानंतरच लावा.

वजनं उतरवल्यावर दट्ट्या परत ५० ला आला पाहिजे. ४७-४८ ला थांबला आणि पिळल्यावरही सरकला नाही, तर स्टॉपकॉक गळतोय. ती मालिका टाकून द्या. सगळे आकडे एकाच दिशेला थोडे कमी येत असतील तर हवेचा दाब तपासा. पुण्यात बसून १.०१ धरला असेल, तर तीन किलोला तुम्ही ३३.७ ची अपेक्षा करता आणि सिरिंज बिचारी बरोबर ३३ दाखवते.

तापमानासाठी तीच सिरिंज बर्फाच्या पाण्यात आडवी, पृष्ठभागाच्या जेमतेम खाली धरा. पंधरा सेंटीमीटर खोल नेली तर पाण्याचाच दाब दीड टक्का चूक घालतो. पाणी ढवळत पाच मिनिटं थांबा, ०° ला ४० मिलिलिटर लावून स्टॉपकॉक बंद करा. ३०° ला ४४.४, ६०° ला ४८.८ आले पाहिजेत. याच्या वर जाऊ नका, प्लॅस्टिक मऊ पडून दट्ट्या सैल होतो.

आलेख काढून रेघ मागे वाढवली की आकारमान शून्य होईल ती जागा उणे २७३° से. जवळ मिळते. पण ६० अंशांत एकूण वाढच ८.८ मिलिलिटरची आहे. घर्षणामुळे त्यात एक मिलिलिटर इकडे-तिकडे झालं, तर उत्तर उणे २४५ पासून उणे ३०८ पर्यंत कुठेही येतं. उणे २९० आलं म्हणून आकडे "जुळवू" नका, जे आलं ते लिहा. काचेची सिरिंज मिळाली तर घर्षण एकदम कमी होतं.

ही रेघ कागदावर शून्यापर्यंत जाते, गॅस जात नाही. आर्गॉन उणे १८६° से. ला द्रव होतो, उणे १८९° ला गोठतो. हेलियम उणे २६९° पर्यंत वायूच राहतो. द्रव नायट्रोजनमध्ये (उणे १९६°) हेलियमचा फुगा घातला तर तो पाव आकाराचा होतो, ७७ भागिले ३०० प्रमाणे. आर्गॉनचा फुगा मात्र चपटा पडतो, कारण आतला गॅस गोठून चिमूटभर उरलेला असतो.

फुगे: घाट आणि ऊन

लॅटेक्स ताणतो, फॉइल (चकचकीत पापुद्र्याचा फुगा) ताणत नाही. फॉइल फुग्याचं आकारमान ठरलेलं. गॅस त्याहून जास्त जागा मागू लागला की शिवण उकलते.

मुंबईत ३२° ला गच्च भरलेले फॉइल फुगे महाबळेश्वरला न्यायचे आहेत. वर दाब १.०१ वरून ०.८६५, तापमान ३०५ वरून २९३ केल्विन. १.०१ ÷ ०.८६५ × २९३ ÷ ३०५ = १.१२. गारव्याने थोडं सावरलं, तरी गॅसला १२ टक्के जास्त जागा हवी. गच्च फुगे घाटातच जातील. कडेला सुरकुत्या राहतील एवढेच, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत भरा, किंवा सिलिंडर वर नेऊन तिथेच भरा.

हॉलचं एसीतलं तापमान २२°, बाहेर उन्हात चकचकीत फुग्याच्या आतला गॅस ५०° पर्यंत तापतो असं धरा: ३२३ ÷ २९५, साडेनऊ टक्के. घाट न चढताही शिवण जाते. उलट उन्हात भरलेला फुगा एसीत आणला की लुळा पडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं गॅस कमी भरला. त्याला दहा मिनिटं बाहेर धरून दाखवा.

गारठ्याने लुळा पडलेला फुगा ऊब मिळाली की परत भरतो. गळतीने पडलेला भरत नाही. लॅटेक्समधून हेलियम गाठ कितीही घट्ट असली तरी झिरपतो. ११ इंची फुगा साधारण एक दिवस तरंगतो, त्याहून जास्त कबूल करू नका.

फ्लोमीटरवर वेगळा गॅस

गोळीचा फ्लोमीटर एका ठरावीक गॅससाठी आखलेला असतो. आर्गॉनच्या फ्लोमीटरवर हेलियम लावला आणि गोळी १० वर ठेवली, तर प्रत्यक्षात मिनिटाला सुमारे ३१ लिटर जातो. हेलियम दहापट हलका, गोळी तेवढीच उचलायला त्याला दहाच्या वर्गमूळाएवढा, म्हणजे ३.१६ पट वेग लागतो. एका दुपारीत सिलिंडर संपला तर हे आधी बघा.

जीवाशी संबंधित एक गोष्ट

राजवायू विषारी नाहीत, त्यांना वास नाही, आणि नेमका हाच धोका आहे. मिनिटाला ८ लिटरने दोन तासांत जवळजवळ एक घनमीटर आर्गॉन बाहेर पडतो. तो हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड, त्यामुळे टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, बेसमेंटमध्ये साचतो आणि ऑक्सिजनला बाजूला सारतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतही नाही, तो सरळ कोसळतो. वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो. बंद टाकीत काम असेल तर हवेचा पंखा चालू, ऑक्सिजन मीटर कमरेला (१९.५ टक्क्यांखाली गेला की बाहेर) आणि वर एक माणूस उभा. आवाज बारीक करायला हेलियम ओढणं मुलांना करू देऊ नका, सिलिंडरच्या नोझलवरून तर कधीच नाही.

गळती खरंच आहे का, हे ठरवताना

संध्याकाळचा आणि सकाळचा दाब, दोन्ही वेळचं तापमान. सकाळचा अपेक्षित आकडा काढा, आर्गॉन शंभर बारच्या वर असेल तर दोन-तीन बारची सूट द्या. त्याहून खाली असेल तर व्हॉल्व्ह उघडा, टॉर्च बंद ठेवा, काटा स्थिर झाला की व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं बघा. रेग्युलेटरच्या जास्त दाबाच्या बाजूला मोजून काही मिलिलिटर जागा असते, त्यामुळे अगदी बारीक गळतीलाही काटा डोळ्यांदेखत खाली येतो. आला तर साबणाचं पाणी आधी सिलिंडर-रेग्युलेटरच्या नटवर, मग होजच्या दोन्ही टोकांना, शेवटी टॉर्चच्या व्हॉल्व्हला. काटा हलला नाही तर साबणपाणी सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती लावा. तिथे बुडबुडे आले तर स्वतः आवळत बसू नका, सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवून परत पाठवा. दिवसाला दोन बार म्हणजे ४७ लिटरच्या सिलिंडरमधून रोज ९४ लिटर गॅस जातोय, आणि बंद खोलीत तो कुठे जाऊन बसतो ते वर आलंच आहे.